वाकोदचे सात हजार रुपये आणि आपला सातबारा

दर वर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपली माणसं जमतात. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा त्यांचा मुक्काम तिथे होता. यंदा आम्ही जळगावहून काही तरुणांना घेऊन गेलो होतो. परतताना पारोळ्याच्या पुढे गाडीत वाद पेटला. विषय राजकारणाचा नव्हता. जळगाव एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात कंत्राटी कामाला असलेला एक मुलगा म्हणाला, "दादा, जैनांनी हातगाडीवर रॉकेल विकून सुरुवात केली. आज जगभर पसरले. मग आपणच का नोकरीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसतो?" मागच्या सीटवरून दुसऱ्याने लगेच उत्तर दिलं, "त्यांची जात व्यापाऱ्याची. आपल्याला कोण देतो उधारीवर माल?"

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि दोघेही अर्धंच बोलत होते. जळगाव शहराच्या कोणत्याही नाक्यावर हे दोन संवाद ऐकायला मिळतात. एक व्याख्यानांतून आलेला, दुसरा अनुभवातून. आम्हाला वाटलं की या एका कंपनीची वाटचाल नीट मांडून बघावी. कौतुकासाठी नाही, शिव्या घालण्यासाठीही नाही. खान्देशात भांडवल कसं तयार झालं आणि ते तयार होत असताना आपण कुठे होतो, एवढंच बघायचं आहे.

भवरलाल हिरालाल जैन यांचा जन्म १२ डिसेंबर १९३७ चा, जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा. वाकोद म्हणजे जळगावहून अजिंठ्याला जाताना लेण्यांच्या अलीकडे लागणारं गाव. आपल्यातले बहुतेक जण लेणी बघायला जाताना या गावातून गेले आहेत. राजस्थानातून येऊन इथे स्थिरावलेलं, शेती आणि लहान व्यापार करणारं हे कुटुंब. भवरलालजींनी वाणिज्य आणि कायद्याची पदवी घेतली, राजपत्रित अधिकाऱ्याची नोकरी मिळत असताना ती नाकारली आणि १९६३ साली सात हजार रुपये घालून रॉकेलची एजन्सी घेतली. हे सात हजार रुपये म्हणजे घरातल्या तीन पिढ्यांची शिल्लक होती, असं कंपनीच्या इतिहासात आवर्जून सांगितलं जातं.

कौतुक करणारे "सात हजार" या शब्दांवर थांबतात. आम्ही "तीन पिढ्या" या शब्दांवर थांबतो.

१९६३ मध्ये आपल्या घरांत तीन पिढ्यांची म्हणून काय शिल्लक होती? येसकराची काठी, बलुत्याची भाकर आणि महार वतनाचा तुकडा. कनिष्ठ वतनं रद्द करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा. नागपूरची धम्मदीक्षा १९५६ ची. म्हणजे आपल्या आजोबांना गावकीच्या कामातून कायद्याने सुटका मिळून जेमतेम पाच वर्षं झाली होती. दीक्षा घेतल्यामुळे केंद्र सरकारच्या सवलती गेल्या होत्या. महाराष्ट्राने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राने त्या द्यायला १९९० साल उजाडलं. आणि वाकोदच्या तरुणाने रॉकेलची एजन्सी घेतली त्याच्या पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर १९६४ पासून, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. त्याआधी १९५९ च्या सत्याग्रहात खान्देशातली आपली माणसं तुरुंगात गेलीच होती. मागणी काय होती? पडीक आणि गायरान जमीन कसायला द्या.

एकाच जिल्ह्यात, एकाच दशकात एक कुटुंब शिल्लक बाजारात घालत होतं आणि हजारो कुटुंबं पडीक जमिनीच्या तुकड्यासाठी तुरुंग भरत होती. यात त्या कुटुंबाचा काही दोष नाही. पण "त्यांनी केलं, तुम्ही का नाही केलं" असं व्यासपीठावरून कोणी विचारलं तर निदान ही तारीख त्याच्या समोर ठेवता आली पाहिजे.

आधी विक्री, मग कारखाना

आता त्या पहिल्या मुलाची बाजू घेऊ. कारण कंपनी वाढली ती नुसत्या जातीच्या पाठबळावर नाही. तसं असतं तर प्रत्येक तालुक्याच्या पेठेतून एक बहुराष्ट्रीय कंपनी निघाली असती.

सुरुवातीची पंधरा वर्षं हा उद्योग काहीही बनवत नव्हता. विकत होता. रॉकेलनंतर खतं, बियाणं, ट्रॅक्टर, तुषार सिंचनाचे संच, पीव्हीसी पाइप अशा दुसऱ्यांच्या मालाच्या एजन्सी एकेक करून घेतल्या. आपल्या तरुणांना हे कंटाळवाणं वाटतं. उद्योग म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे शेड आणि मशीन येतं. पण पंधरा वर्षं माल विकण्यातून जे मिळालं ते कोणत्याही कर्जातून मिळत नाही. कोणत्या गावात किती विहिरी आहेत, केळीवाला पैसे कधी देतो आणि कपाशीवाला कधी, कोणाची उधारी बुडते आणि कोणाची नुसती लांबते, पाइप फुटला तर शेतकरी कोणाकडे धाव घेतो. खान्देशच्या शेतीची ही सगळी माहिती विक्रेत्याच्या वहीत जमा होत गेली. कारखाना नंतर आला, गिऱ्हाईक आधी तयार होतं.

१९७८ मध्ये त्यांनी ३० लाख रुपयांना एक बंद पडत चाललेला केळीची भुकटी बनवण्याचा जुना कारखाना लिलावात घेतला. तिथे केळीची भुकटी काढत न बसता पपईच्या चिकापासून पपेन बनवायला घेतलं, ते शुद्ध करून परदेशी पाठवलं. कच्चा माल खान्देशातल्या शेतकऱ्याच्या बांधावरचा, गिऱ्हाईक परदेशातलं. १९८० च्या सुमारास पीव्हीसी पाइपचं स्वतःचं उत्पादन सुरू झालं. जो पाइप आतापर्यंत दुसऱ्याचा विकत होते तोच आता स्वतः बनवू लागले, आणि विकायची साखळी तयारच होती. ३० डिसेंबर १९८६ ला जैन इरिगेशन सिस्टिम्स ही कंपनी नोंदवली गेली, १९८८ मध्ये लोकांकडून भागभांडवल घेतलं आणि ठिबक सिंचन हा मुख्य धंदा झाला.

ठिबक त्यांनी शोधलेलं नाही. इस्रायलमध्ये १९६५ पासून नेटाफिम ही कंपनी ते बनवत होती. जळगावात जे झालं ते वेगळं होतं. नळी विकणाऱ्या माणसासोबत शेतीचा पदवीधर शेतावर पोचला. पुढे ऊतिसंवर्धित केळीची रोपं आली, ग्रँड नैन जातीची. रावेर-यावलच्या पट्ट्यात ज्यांनी केळी बघितली आहे त्यांना विचारा, ठिबक आणि ऊतिसंवर्धित रोप एकत्र आल्यावर बागेचं गणित कसं बदललं. मग कांदा आणि फळांवर प्रक्रिया करणारे कारखाने, पांढऱ्या कांद्याची करार शेती. म्हणजे शेतकऱ्याला पाइप, नळी, रोप, सल्ला द्यायचा आणि काही पिकांत त्याचा माल परत विकतही घ्यायचा. एकाच शेतकऱ्याशी पाच ठिकाणी व्यवहार. खान्देशातल्या या कंपनीची खरी ताकद आमच्या मते यात आहे, पुढे घेतलेल्या परदेशी कंपन्यांत नाही.

मध्ये एक मोठी चूकही झाली. नव्वदच्या दशकात देश खुला झाल्यावर सगळ्यांनाच पंख फुटले होते. यांनीही वित्तसेवा, माहिती तंत्रज्ञान अशा न कळणाऱ्या धंद्यांत पैसा घातला आणि तो बुडाला. भवरलालजींनी भागधारकांपुढे ती चूक जाहीरपणे कबूल केली, ते धंदे बंद केले आणि पुन्हा शेतीकडे वळले. आपल्या संस्था-संघटनांमध्ये हिशेब चुकल्यावर कोणी असं उभं राहून सांगितल्याचं आम्ही अजून ऐकलेलं नाही. असो.

सरकारच्या पैशाची नळी

आता तो भाग, जो प्रेरणादायी भाषणांत कधीच येत नाही.

ठिबकचा संच शेतकऱ्याला महाग पडतो. त्यामुळे ठिबकचा बाजार आपोआप वाढलेला नाही, तो अनुदानाने वाढवला. महाराष्ट्राने १९८६ च्या सुमारास, म्हणजे नेमकी कंपनी नोंदवली जात होती तेव्हाच, ठिबकला अनुदान द्यायला सुरुवात केली. पुढे केंद्राच्या योजना आल्या. आज केंद्राच्या योजनेखाली अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळतं. राज्य सरकार त्यात भर घालून ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत नेतं. पाणी वाचतं, उत्पादन वाढतं, त्यामुळे या धोरणाला आमचा विरोध नाही. पण हिशेब सरळ आहे. शंभर रुपयांच्या संचातले पाऊणशे रुपये जनतेचे असतील, तर त्या धंद्याला निव्वळ स्वकर्तृत्व म्हणता येणार नाही. त्यात कर्तृत्व आहे आणि राज्यसंस्थाही आहे.

आणि हे अनुदान मिळवायला पहिला कागद कोणता लागतो? सातबारा.

इथे आपली गाठ बसते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याच्यासाठी ठिबकचं अनुदान नाही, पीककर्ज नाही, करार शेती नाही, ऊतिसंवर्धित रोप नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शेती खात्यांपैकी सुमारे १२ टक्के खाती अनुसूचित जातींकडे आहेत, पण क्षेत्र मात्र ९ टक्क्यांहूनही कमी. लोकसंख्येत वाटा साडेसोळा टक्क्यांच्या वर. खान्देशच्या बागायती पट्ट्यात कोणत्याही गावातल्या आपल्या वस्तीत जा. केळीचे घड कापणारे, वाहणारे, गाडीत भरणारे हात आपल्यातले दिसतील. बाग दुसऱ्याची. म्हणजे खान्देशात चाळीस वर्षांत शेती-उद्योगाची जी साखळी उभी राहिली, तिच्यात आपण मजुरीच्या टोकाला होतो. मालक म्हणून नाही, विक्रेता म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणूनसुद्धा नाही.

आपल्यासाठी योजना नाहीत असं म्हणणं खोटं ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना २०१७ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध शेतकऱ्यांसाठीच आहे. नव्या विहिरीला आधी अडीच लाख रुपये मिळत, २०२४ मध्ये ही रक्कम चार लाख झाली. ठिबक, पंप, वीजजोडणीसाठी वेगळी तरतूद आहे. पण नवी विहीर घ्यायची तर किमान ०.४० हेक्टर जमीन नावावर पाहिजे. ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. २००४-०५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा निम्मं अनुदान आणि निम्मं बिनव्याजी कर्ज होतं. २०१८ पासून चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन पूर्ण अनुदानावर देण्याची तरतूद झाली. कागदावर ही योजना १९६४ च्या सत्याग्रहाचं उत्तर आहे. प्रत्यक्षात सरकार ठरवलेल्या दराने जमीन विकत घ्यायला निघतं, एकराला जिरायतीसाठी कमाल पाच लाख आणि बागायतीसाठी आठ लाख. त्या दरात तापीकाठची काळी जमीन कोण विकेल? मिळते ती मुरमाड, रस्ता नसलेली. आम्ही ज्या गावांत काम करतो तिथे योजनेची माहिती विचारणारे पुष्कळ भेटतात, जमीन मिळालेलं घर शोधावं लागतं.

कर्ज फिटत नाही तेव्हा

आता कथेचा उत्तरार्ध. आम्हाला तो पूर्वार्धापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो.

२००६ पासून कंपनीने अमेरिकेतल्या सिंचन आणि कांदा-प्रक्रिया कंपन्या विकत घेतल्या. २००७ मध्ये इस्रायलच्या नानदानमध्ये निम्मी भागीदारी घेतली आणि २०१२ मध्ये ती पूर्ण मालकीची केली. ज्या देशातून ठिबक आलं त्या देशातली कंपनी जळगावने घेतली, याचा अभिमान खान्देशात सगळ्यांनाच वाटला. आम्हालाही वाटला, खोटं कशाला बोला. पण वाढ कर्जावर होती. आणि देशातला धंदा अनुदानावर होता, ज्यात माल आज शेतात जातो आणि सरकारचा पैसा कधी येईल ते सांगता येत नाही. उधारी वाढत गेली, खेळतं भांडवल अडकत गेलं. त्यावर तोड म्हणून रोखीने विक्री, शेतकऱ्यांना कर्ज देणारी वेगळी वित्तकंपनी असे प्रयोग झाले. २०१६ च्या २५ फेब्रुवारीला भवरलालजी गेले. अशोक, अनिल, अजित आणि अतुल या चार मुलांकडे कारभार होता. २०१७ मध्ये परदेशात २० कोटी डॉलरचे रोखे काढले. २०१९ मध्ये हप्ते थकले आणि कंपनीचं पतमानांकन थेट तळाला गेलं.

पुढे काय झालं ते नीट वाचा. रिझर्व्ह बँकेच्या ७ जून २०१९ च्या चौकटीखाली बँका एकत्र बसल्या. वाटाघाटी झाल्या. मार्च २०२२ मध्ये तोडगा अमलात आला. कर्जाचा एक भाग फेडण्याजोगा म्हणून चालू ठेवला, एक भाग शेअर आणि नाममात्र व्याजाच्या रोख्यांत बदलला. मार्च २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय सिंगापूरच्या टेमासेककडे मालकी असलेल्या रिव्ह्युलिस या कंपनीत विलीन झाला, जैन इरिगेशनकडे विलीन कंपनीतला सुमारे २२ टक्के हिस्सा राहिला आणि कर्जाचा मोठा बोजा उतरला. आज कंपनी चालू आहे, वर्षाची उलाढाल सहा हजार कोटींच्या आसपास आहे. हजारो कामगारांची चूल आणि लाखो शेतकऱ्यांचा व्यवहार तिच्यावर अवलंबून आहे. तेव्हा ती बुडू दिली नाही हे योग्यच झालं.

आमचा प्रश्न वेगळा आहे. दोन-तीन वर्षं मोठ्या कर्जदारासोबत टेबलावर बसून मार्ग काढण्याची जी सोय व्यवस्थेत आहे, ती खालच्या टोकाला का नाही?

आमच्या ओळखीचा एक तरुण आहे. कृषी पदविका झालेला, एका विक्रेत्याकडे पाच वर्षं ठिबक जोडायचं काम केलेला. लॅटरल कुठे तुटते, ड्रिपर क्षाराने का बुजतो, त्यात आम्ल किती वेळ सोडायचं हे त्याला कंपनीच्या अभियंत्याइतकं कळतं. २०१६ मध्ये स्टँडअप इंडिया योजना आली. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज, प्रत्येक बँक शाखेने किमान एक अनुसूचित जाती किंवा जमातीचा कर्जदार आणि एक महिला कर्जदार. त्याने दुकानासाठी अर्ज केला. एका बँकेच्या शाखेत त्याला आठ महिने फिरवलं. तारणाऐवजी पतहमी निधीची हमी चालते असं योजनेच्या पत्रकात लिहिलेलं आम्ही स्वतः जाऊन दाखवलं. साहेब म्हणाले, "नियम मला माहीत आहे, पण वसुली मला करायची आहे." शेवटी त्याने मुद्रा योजनेतून थोडी रक्कम आणि बायकोच्या बचत गटाचे पैसे मिळवून दुकान टाकलं. पहिल्या हंगामात चाललं. दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला, शेतकऱ्यांनी उधारी थकवली, तीन हप्ते चुकले. नव्वद दिवस झाले आणि खातं थकीत. त्याच्यासोबत टेबलावर कोणी बसलं नाही. घरी वसुलीवाले आले.

मोठ्या कंपनीला आणि या मुलाला बुडवणारं कारण एकच होतं: माल गेला, पैसा आला नाही. फरक उभा राहायला मिळालेल्या वेळेचा होता.

जात आणि उधारी

मागच्या सीटवरच्या मुलाचं म्हणणं इथे पुन्हा आठवतं. वितरणाचा धंदा उधारीवर चालतो आणि उधारी ओळखीवर. वरचा विक्रेता खालच्याला साठ दिवसांच्या वायद्याने माल देतो तेव्हा तो जामीन म्हणून कागद बघत नाही. हा कोणाचा मुलगा, कोणाचा जावई, बुडाला तर कोण भरेल, हे बघतो. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. पेठेत त्याला नाव नाही, तिथे ते हवेसारखं असतं. ज्याच्याकडे आहे त्याला दिसत नाही.

आपल्याकडे सामाजिक भांडवल नाही असं मात्र आम्ही मानत नाही. आपण एका हाकेवर लाखो माणसं चैत्यभूमीला नेतो, भीमजयंतीला गल्लीगल्लीत वर्गणी जमवतो, विहारं बांधतो. हे भांडवलच आहे. पण त्याची वाट नोकरीकडे आणि चळवळीकडे गेली, पेठेकडे गेली नाही, आणि त्याला कारण होतं. भुसावळची रेल्वे, भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र, शाळा, महसूल खातं. याच ठिकाणांनी खान्देशातल्या बौद्ध समाजाला पहिली पक्की घरं दिली, पहिले पदवीधर दिले. तिथे भरती जाहिरातीने होत होती, ओळखीने नव्हे. ज्याला पेठेत कोणी उधार देत नव्हतं त्याने सरकारी दार ठोठावलं, यात आळस नव्हता, शहाणपण होतं.

आज ते दार अरुंद होत चाललं आहे. आयुध निर्माणींचं १ ऑक्टोबर २०२१ पासून कंपन्यांत रूपांतर झालं. रेल्वेत कंत्राटी कामं वाढली. कंत्राटात आरक्षण नाही. आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या मुलांचे वडील कायम नोकरीतले आहेत आणि मुलं ठेकेदाराकडे. वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसे मुलीच्या लग्नात आणि घराच्या मजल्यात जातात. एका पिढीची शिल्लक पहिल्यांदाच तयार झाली आणि ती दुसऱ्या पिढीच्या हातात धंद्यासाठी पडायच्या आत संपते. हे लिहिताना आम्हाला बरं वाटत नाही, कारण आमच्याही घरात हेच झालं.

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडचणीच्या काळासाठी. वर्षावासात आपण हे सुत्त ऐकतो. निम्मी मिळकत व्यवसायात, हे ऐकताना कोणाच्या मनात हिशेबाची वही येत नाही.

बाबासाहेबांना ती वही चांगली ठाऊक होती. १९१८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लहान शेतजमिनींवरच्या त्यांच्या लेखात त्यांनी मांडलं की प्रश्न तुकडा लहान असण्याचा नाही, त्यावर भांडवल आणि साधनं किती लागतात याचा आहे. शेतीवर अडकलेले जास्तीचे हात उद्योगात गेले पाहिजेत. १९४२ ते १९४६ मध्ये मजूरमंत्री म्हणून त्यांनी पाणी आणि विजेच्या राष्ट्रीय धोरणाचा पाया घातला. १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये मूलभूत उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी, असं सुचवलं. बाबासाहेब उद्योगाच्या बाजूने होते आणि खासगी मक्तेदारीच्या विरोधात होते. आपल्यातले अर्धे पहिलं वाक्य सांगतात, अर्धे दुसरं. एक गट "दलित भांडवलशाही" म्हणून टाळ्या वाजवतो, दुसरा धंदा करणाऱ्या पोराला चळवळीतून बाद करतो. दोघांच्या मध्ये ते पोर एकटं बँकेत जातं.

नोकरीच्या आरक्षणासाठी आपण रस्त्यावर येतो. सरकारी खरेदीतल्या वाट्यासाठी किती वेळा आलो? २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राच्या मंत्रालयांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी आपल्या खरेदीतला ४ टक्के भाग अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यायचा आहे. कितीतरी वर्षं प्रत्यक्ष आकडा त्याच्या खूप खाली राहिला. भुसावळला रेल्वे आहे, निर्माणी आहे. त्यांच्या खरेदीत हे चार टक्के कोणाला गेले, हा माहिती अधिकाराचा साधा अर्ज आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक बँकेच्या प्रत्येक शाखेने स्टँडअप इंडियात किती कर्जं दिली, हाही तसाच अर्ज. जिल्हा अग्रणी बँकेच्या बैठकीत आपला माणूस हे आकडे घेऊन बसला तर साहेबाचं "वसुली मला करायची आहे" हे वाक्य एवढ्या सहज निघणार नाही.

आणि एक काम आपल्याच हातात आहे. त्या तरुणाचं दुकान बंद पडत होतं तेव्हा त्याला फक्त नव्वद हजार रुपये चार महिन्यांसाठी पाहिजे होते. त्याच वर्षी त्याच्याच वस्तीत जयंतीच्या डीजेवर किती खर्च झाला ते आम्हाला माहीत आहे, कारण वर्गणी आम्हीही दिली होती. आकडा इथे लिहीत नाही. वस्तीतल्या मंडळाला तो ठाऊक आहे.

सध्या तो धुळ्याला अवधान एमआयडीसीच्या बाजूला एका गाळ्यात जुने संच दुरुस्त करून देतो. बुजलेले ड्रिपर काढायचे, फाटलेली लॅटरल जोडायची, फिल्टर साफ करून बसवून द्यायचा. नवीन माल उधारीवर घ्यायचा नाही, असं त्याने ठरवलं आहे. गेल्या हंगामात दोन मुलं हाताखाली होती. लळिंगहून येताना गाडीत झालेला वाद आम्ही त्याला सांगितला तेव्हा त्याने पाना खाली ठेवला आणि विचारलं, "सात हजार कोणत्या साली म्हणालात? तेव्हा माझे आजोबा गायरानाच्या केसमध्ये धुळ्याच्या जेलला होते." मग म्हणाला, पुढच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला तो मागच्या तीन वर्षांची वही घेऊन येईल, सगळ्यांनी मिळून बघू, पैसा नेमका कुठे अडकला.